रेंज जेमतेम असलेल्या बागायतीत सिमवाला ट्रेल कॅमेरा: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सिमवाला ट्रेल कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढून सिमवरून मोबाइलवर पाठवणारा कॅमेरा, घ्यायचा आहे आणि जागेवर रेंज जेमतेम आहे, अशी स्थिती असेल तर मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ, रात्रीचा फ्लॅश किती मीटर जातो हे सगळं नंतर बघा. विकणाऱ्याला आधी एकच विचारा: फोटो गेला नाही तर कॅमेरा त्या फोटोचं काय करतो? हे सरळ कोणी सांगत नाही, माहितीपत्रकातही नसतं. पण आमच्यासारख्या जागी कॅमेरा उपयोगाचा ठरतो की नाही, ते यावरच ठरतं.

आमची सुपारी आणि केळीची बागायत दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात. वरच्या अंगाला काजू. सोमवार ते शुक्रवार आम्ही नोकरीसाठी म्हापशाला, शनिवार-रविवार बागेत. या भागात २००२पासून कर्नाटकातून हत्ती उतरतात. गवे, रानडुकरं, साळींदर तर कायमचेच. २०२०मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि जंगल टिकणार म्हणून मला मनापासून आनंद झाला. पण जंगलाला लागून बाग असली की रात्री कोण येतं, कुठल्या बाजूनं येतं, किती वेळ थांबतं हे कळायला हवं. कुंपण कुठे घालायचं, केळी कुठे लावायची नाहीत, हे त्यावरच ठरवता येतं. साधा कॅमेरा होता, पण कार्ड काढून बघेपर्यंत आठवडा उलटायचा. म्हणून सिमवाला घेतला. त्याच सुमारास दिरांनीही दुसऱ्या बनावटीचा घेतला. दोन्ही एकाच बागेत होते, त्यामुळे तुलना आपोआप झाली. नावं देत नाही, कारण एकच कॅमेरा दोन-तीन नावांनी विकला जातो आणि नावावरून आत काय आहे ते समजत नाही.

कॅमेरा हवा होता व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी, जनावरांच्या वाटेवर. तिथे मी मोबाइल वर धरून फिरत होते, तेव्हा शेजारचे तात्या म्हणाले, "बाये, हय रेंज गावाची नाय. वरच्या कातळार जा." म्हणजे इथे रेंज मिळायची नाही. तसं पाहिलं तर व्हाळाजवळही मोबाइलवर मधूनच एक-दोन दांड्या दिसतात. पण दांड्यांवर अजिबात जाऊ नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी'च्या आत सिमची स्थिती दिसते, तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आकडा असतो. उणे ९०च्या आसपास असेल तर काळजी नाही. उणे ११०च्या खाली गेलं की फोटो अडखळायला लागतात, आणि उणे १२०ला जोडणी टिकणं कठीण. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणून आकड्यातला छोटा फरकही मोठा असतो. आमच्या व्हाळाजवळ उणे ११८ येत होतं, कातळावर उणे ९७.

दांड्या दिसत असूनही फोटो का जात नाही, तेही समजून घ्या. फोनवरचा आकडा टॉवरकडून काय येतं तेवढंच सांगतो. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो, आणि कॅमेऱ्यातलं मोडेम, म्हणजे सिमवरून फोटो पाठवणारा भाग, जास्तीत जास्त २०० मिलिवॅटनी. देवळातला लाउडस्पीकर आपल्या परसात ऐकू येतो, म्हणून आपण परसातून मारलेली हाक देवळात पोचेल असं नाही. फोटो पाठवणं म्हणजे ती हाक. त्यामुळे जागा तपासताना व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडून बघू नका. तिथून दोन-तीन फोटो पाठवा आणि किती वेळ लागतो ते बघा.

पुढची गोष्ट बँडची, म्हणजे मोबाइल नेटवर्क ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर चालतं त्यांची, आणि इथे पैसे फुकट जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. परदेशी परीक्षणं वाचून, नातेवाइकांकडून अमेरिकेहून कॅमेरा मागवायचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेतले कॅमेरे तिथल्या बँडसाठी बनलेले असतात: २, ४, १२, १३, ६६ वगैरे. आपल्याकडे हे बँड चालत नाहीत. बँड ५ तेवढा समान आहे, तो जिओ वापरतं. शिवाय तिथले बरेच कॅमेरे त्यांच्याच सिमला आणि त्यांच्याच मासिक योजनेला बांधलेले असतात. आपल्याकडे जिओचं फोर-जी ३, ५ आणि ४० या बँडवर आहे, एअरटेलचं मुख्यतः १, ३, ८ आणि ४०वर. बीएसएनएलचं नवं फोर-जी, ज्याचं देशभर लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ला झालं, ते बँड १ आणि २८वर आहे. युरोपसाठी बनलेल्या कॅमेऱ्यात १, ३, ८ आणि बहुधा २८ही असतो, म्हणून तो इथे बऱ्यापैकी चालतो. मात्र त्यात ५ आणि ४० आहेत का, ते वेगळं विचारा.

दरीत, झाडीत खालच्या फ्रिक्वेन्सीला महत्त्व आहे. ७०० मेगाहर्ट्झ (बँड २८), ८५० (बँड ५) आणि ९०० (बँड ८) लांब जातात आणि पानांतून बऱ्यापैकी पार होतात. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ. त्याचा पल्ला कमी, आणि त्यात पाठवणं-घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून होतं. पाठवण्याच्या वाट्याला त्यातला थोडाच वेळ येतो. कॅमेऱ्याला नेमकं पाठवायचंच असतं. म्हणून एखाद्या कंपनीचा आकडा फोनवर चांगला दिसला, तरी तो कुठल्या बँडवरचा आहे ते नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये बघून घ्या. केंद्रानं जुलै २०२२मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्याची योजना मंजूर केली. त्यातले बीएसएनएलचे टॉवर आडगावांत उभे राहत आहेत. तुमच्या गावात असा टॉवर आला असेल तर बँड २८ असलेला कॅमेरा घेणं शहाणपणाचं.

आता मूळ मुद्द्याकडे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. टॉवर बॅटरीवर काही तास निघतो, मग तोही गप्प. अशा रात्री दोन्ही कॅमेऱ्यांचा स्वभाव उघडा पडला. दिरांचा कॅमेरा फोटो पाठवायचा तीनदा प्रयत्न करायचा, आणि जमलं नाही तर तो फोटो कार्डावर ठेवून पुढे जायचा. टॉवर परत आला की नव्या फोटोपासून सुरुवात. मधले फोटो मोबाइलवर कधीच येत नसत. मोबाइल बघणाऱ्याला वाटायचं, रात्र शांत गेली. आमचा कॅमेरा न गेलेले फोटो रांगेत ठेवतो आणि जोडणी मिळाली की जुन्यापासून नव्याकडे पाठवत जातो. सोबत रोज एक छोटा अहवाल येतो: बॅटरी किती, कार्डावर जागा किती, सिग्नल किती. अहवाल आला नाही की काहीतरी बिघडलं आहे, हे तेवढ्यावरून कळतं.

दुसरी बाबही तितकीच महत्त्वाची. बरेच कॅमेरे फोटो पाठवत असताना नवा फोटो काढू शकत नाहीत. रेंज चांगली असेल तर काही सेकंदांचा प्रश्न. पण उणे ११८ला एक छोटा फोटो जायलाही दीड-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा आंधळा. एका पहाटे मोबाइलवर एकच फोटो होता, एक डुक्कर, तेही फ्रेममधून निम्मं बाहेर. तात्यांनी सकाळी फोन करून सांगितलं की खालच्या दोन ओळींतली केळी आडवी आहेत, मातीत पिल्लांच्या खुरांचे ठसे आहेत. अख्खा कळप येऊन गेला होता आणि कॅमेऱ्यानं फक्त म्होरक्या टिपला. म्हणून विचारा, पाठवताना फोटो काढतो का? काढत नसेल, तर 'लगेच पाठव' हा पर्याय बंद करून ठरावीक वेळी गठ्ठ्यानं पाठवायचा पर्याय आहे का ते बघा. आम्ही रात्रभर फक्त काढायचं आणि पहाटे पाचनंतर पाठवायचं, असं लावून ठेवलं. तेव्हापासून चित्र पुरं दिसायला लागलं. बॅटरीही जास्त टिकायला लागली, कारण कमी रेंजमध्ये मोडेम पूर्ण ताकदीनं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि बॅटरी खाण्याचं मोठं कारण तेच.

इथे एक विनंती. हत्तींचा इशारा म्हणून या कॅमेऱ्यावर विसंबू नका. फोटोवरची वेळ रात्री २.१०ची आणि तो मोबाइलवर आला सकाळी साडेसहाला, असं रेंज कमी असताना होतंच. त्या चार तासांत माणूस बागेत उतरला तर काय होईल, याचा विचारही नको. हत्ती कुठे आहेत हे वनखात्याच्या पथकाला आणि गावातल्या लोकांना विचारा. कॅमेरा वाटा शोधण्यासाठी आहे, रात्रीच्या निर्णयासाठी नाही.

अँटेनाबद्दल सविस्तर सांगते, कारण आम्हाला खरा फायदा तिथे झाला. कॅमेऱ्याची अँटेना निघते का, हे घेण्याआधी बघा. काहींची आतच बसवलेली असते. निघत असेल तर जोडणी एसएमए (फिरवून बसवायचा छोटा सॉकेट) आहे की उलट्या पिनेची, ते तपासा. दिसायला दोन्ही सारख्या, पण एकमेकींत सिग्नल जात नाही. आम्ही एकाच दिशेनं सिग्नल घेणारी-पाठवणारी अँटेना सुपारीच्या झाडाला उंच बांधली आणि टॉवरच्या दिशेला धरली. कॅमेरा खाली, कंबरेएवढ्या उंचीवर. केबल स्वस्तातली, काडीसारखी बारीक घेतली तर पाच मीटरमध्येच पाचेक डेसिबल गिळते, म्हणजे अँटेनानं कमावलेलं केबलनं घालवलं. जाड, करंगळीएवढी एलएमआर ४०० घेतली तर तेवढ्याच लांबीला जेमतेम एक डेसिबल जातो. ती वळवायला कडक आहे, म्हणून कॅमेऱ्याजवळ वीतभर मऊ तुकडा जोडला, नाहीतर तिच्या वजनानं सॉकेट हलतं. सांध्यांवर आपोआप चिकटणारी रबरी टेप, आणि केबल कॅमेऱ्यात शिरण्याआधी खाली झोळ दिलेला, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. एवढ्यावर उणे ११८चा आकडा उणे १०७पर्यंत आला. दोन अँटेनांचा कॅमेरा असेल तर बाहेरची अँटेना मुख्य सॉकेटलाच लावा. दुसरं बहुधा फक्त ऐकण्यासाठी असतं.

बाजारात सिग्नल वाढवणारे बूस्टर मिळतात. ते घेऊ नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्यानं आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. अमेरिकेत एकमेकांना फोटो पुढे ढकलणारे कॅमेरेही मिळतात. ते ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे ती जागा परवानामुक्त नाही, त्यातला काही भाग मोबाइलसाठीच वापरात आहे. आपल्याकडचा मोकळा पट्टा ८६५ ते ८६८.

सिमचं थोडक्यात. जुन्या पद्धतीचे काही कॅमेरे एसएमएसनं हुकूम घेतात. जिओवर टू-जी, थ्री-जी नाही, एसएमएस फोर-जीवरूनच येतो आणि कॅमेऱ्याच्या मोडेमला ते जमत नसेल तर फोटो जातात पण हुकूम पोचत नाहीत. ईमेलनं फोटो पाठवणारा कॅमेरा मला ॲपवाल्यापेक्षा पसंत, कारण ॲपवाल्याचा सर्व्हर बंद पडला तर कॅमेरा असून नसल्यासारखा. जीमेल वापरणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. फोटोचा आकार ६४० पिक्सेलचा ठेवा, मूळ फोटो कार्डावर असतोच.

पावसाचं म्हणाल तर मे महिन्यात मोजलेली रेंज जुलैत राहत नाही. पानं दाट होतात, ओली होतात. कोरड्यात काठावर असलेली जागा पावसात हातची गेली असं समजा. सौर पॅनल झाडाखाली काही कामाचं नाही, आम्ही ते उघड्यावर काढून १२ व्होल्टच्या बाहेरच्या बॅटरीला जोडलं. रिचार्ज होणारे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात, काही कॅमेरे ते भरलेले असतानाही 'बॅटरी कमी' म्हणतात. कॅमेऱ्याच्या मागच्या फटीत हुमल्यांनी (चावऱ्या लाल मुंग्यांनी) घर केलं होतं, झाकण उघडताना हाताला कडकडून चावले. आता पट्ट्यावर व्हॅसलीनचा थर देतो, बऱ्यापैकी उपयोग होतो. आणि लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं दर खेपेला पुसा, रात्री त्यावर फ्लॅश पडून अख्खा फोटो पांढरा होतो.

कॅमेरा स्वतःच्या जमिनीतच लावा, जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. आपल्या बागेतही वाट जर वाडीतल्या बायकांची असेल, तर आधी घरोघरी सांगा. कॉर्बेटच्या परिसरात जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे सरपणाला जाणाऱ्या बायकांची कशी कुचंबणा होते, यावर केंब्रिज विद्यापीठाचं संशोधन २०२४मध्ये आलं. आम्ही कॅमेरा व्हाळाच्या पायवाटेवरून आत वळवला, तो वाडीतल्या बायकांशी बोलूनच. बिबट्याचा फोटो आला तर ठिकाणासकट कुठेही टाकू नका.

जिथे फोनवर आकडाच येत नाही, अशा आमच्या काजूच्या मागच्या कोपऱ्यात साधा, बिनसिमचा कॅमेरा आहे. त्याचं कार्ड तात्या शनिवारी काढून आणतात.