मागून वाचलं तेव्हा जमलं: स्टॅन्ली क्युनिट्झच्या समग्र कविता, आठ महिन्यांनंतर

दिवाळीत भाचा अमेरिकेहून येणार होता. चॉकलेटं नकोत, हे एक पुस्तक आण, असं त्याला बजावलं होतं. तो शिकतो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला आणि क्युनिट्झचा जन्मही तिथलाच, १९०५ सालचा. २००६ मध्ये गेला तेव्हा वय १००. वयाच्या ९५व्या वर्षी तो अमेरिकेचा राजकवी झाला, एवढं एकच मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं. त्या वयात माणूस कवितेत काय मांडत असेल, या कुतूहलापोटी पुस्तक मागवलं.

पहिले दोन-अडीच महिने चक्क वाया गेले. कविता कालक्रमाने लावल्या आहेत, म्हणजे सुरुवात १९३०च्या पहिल्या संग्रहापासून. पंचविशीतला हुशार मुलगा, हार्वर्डमध्ये शिकलेला. यमक-छंद चोख, पण प्रत्येक ओळ गाठी मारून ठेवलेल्या सुतळीसारखी. मांडीवर शब्दकोश घेऊन मी वीसेक पानं रेटली आणि पुस्तक टेबलावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलं.

जानेवारीत भाच्याचा फोन आला. ‘मावशी, वाचलंस का गं? एवढं बॅगेतून आणलं.’ त्याला सांगायला काहीतरी हवं म्हणून शेवटाकडची पानं उघडली. तिथे ‘टच मी’ नावाची कविता होती. नव्वदीच्या आसपासचा म्हातारा दुपारभर बागेत रोपांना काठ्या लावतोय आणि पायाशी किरकिरणारे किडे ऐकायला गुडघे टेकून बसतोय. एवढ्याशा जिवातलं यंत्र चालतं कशावर, तर इच्छेवर, असं तो म्हणतो. रात्री वादळात झाड खिडकीवर आपटत असतं, तेव्हा तो बायकोला म्हणतो, तू ज्याच्याशी लग्न केलंस तो माणूस आठवतो का? हात लाव, मी कोण आहे याची मला आठवण करून दे. शब्दकोश एकदाही उघडावा लागला नाही. त्या रात्री तीनदा वाचली.

तेव्हापासून पुस्तक उलटं वाचायला घेतलं, झोपण्यापूर्वी एकच कविता. कोणी विकत घेणार असेल तर माझा हाच सल्ला: मागून सुरू करा. १९७१चा संग्रह हा उंबरठा धरा. तोवर तो पासष्टीचा झाला होता आणि तिथपासून भाषा मोकळी होत गेलेली दिसते. सहसा कवी म्हातारपणी शब्दबंबाळ होतात, हा उलट हलका होत गेला.

त्या १९७१च्या संग्रहातली ‘द पोर्ट्रेट’ ही कविता मात्र झोपताना वाचू नका. याच्या जन्माआधी काही आठवडे वडिलांनी वूस्टरच्या एल्म पार्क या बागेत आत्महत्या केली होती. आईने त्यांचं नाव आतल्या कपाटात कोंडलं, ते पुन्हा घरात निघालं नाही. पोराला माळ्यावर वडिलांचं चित्र सापडतं आणि ते हातात घेऊन तो खाली येतो. आई एक शब्द न बोलता त्याचे तुकडे करते आणि त्याच्या थोबाडीत मारते. चौसष्टाव्या वर्षीही तो गाल जळतोय, असं कवी सांगतो. कविता जेमतेम वीस ओळींची. आपल्याकडेही अशी नावं न घेतली जाणारी घरं असतातच, त्यामुळे मला आईचा रागही कळला आणि पोराचा गालही.

भाच्याला विचारलं, तिथे एल्म पार्क नावाची बाग आहे का? तर म्हणे रोज शेजारूनच जातो, का गं? सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला: तळं, पूल, बदकं.

एवढ्या आयुष्यात पुस्तकं कमी का, हा प्रश्न मलाही पडला होता. पहिले तीन संग्रह १९३०, १९४४ आणि १९५८चे, बरोबर चौदा-चौदा वर्षांच्या अंतराने. हार्वर्डने पदवी दिली, पण शिकवायचं काम दिलं नाही. ज्यू माणसाने इंग्रजी शिकवलेलं अँग्लो-सॅक्सन विद्यार्थ्यांना रुचणार नाही, हे कारण त्याला कळवलं गेलं. मग बरीच वर्षं लेखकांचे चरित्रकोश संपादित करून पोट भरलं. तिसऱ्या संग्रहाला १९५९चं पुलित्झर मिळालं.

माझी सगळ्यात आवडती कविता लांबलचक आहे: मॅसॅच्युसेट्समधल्याच वेलफ्लीटच्या किनाऱ्यावर वाळूत अडकलेल्या ६३ फुटी देवमाशाची. लोक त्याच्या अंगावर नावं कोरतात, आठवण म्हणून कातड्याच्या पट्ट्या काढतात. कवी जवळ जातो, तेव्हा तो डोळा उघडून पाहतो. मी रत्नागिरीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला निळ्या देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, त्याला परत समुद्रात ढकलायला माणसं किती झटली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. जगलं नाही ते. तेव्हापासून ही कविता मी दोनदा मोठ्याने वाचली आहे, एकदा नवऱ्याला बळजबरीने बसवून.

बागेच्या कविता अर्थातच पुष्कळ. प्रॉव्हिन्सटाउनला समुद्राकाठच्या नुसत्या वाळूवर समुद्रशेवाळ घालून याने टप्प्याटप्प्यांची बाग उठवली. त्या बागेतल्या सापांना तो हात लावून कुरवाळतो. आमच्या आवारात धामण निघाली तेव्हा मी लांबूनच पाहिली. कवितेचा प्रभाव इतपतच.

तक्रारीही आहेत. टिपा अपुऱ्या. अमेरिकेबाहेरच्या वाचकाला संदर्भ शोधत बसावं लागतं. मधल्या काळातल्या काही कविता उगाच गंभीर चेहरा करून बसल्यात, त्या मी सरळ ओलांडल्या. जूनपासून इथल्या दमटपणाने पानं लाटांसारखी झालीत, पण त्यात पुस्तकाचा काय दोष. पाचपैकी चार देते.

भाचा आता विचारतो, संपलं का? मागून येत येत मी पुन्हा १९३०च्या सुतळीपाशी पोचले आहे. यावेळी नऊ पानं शब्दकोशाशिवाय गेली, दहाव्यावर अडकले आहे.