मेट्रोपोलिसची डीव्हीडी: पावसासकट घ्या

सोलापुरात एका टॉकीजवर मी 26 वर्षं ऑपरेटर होतो. त्यामुळे दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ या सिनेमाची ही 2010ची दुरुस्त आवृत्ती मागवली ती प्रिंट बघायला, गोष्ट नंतर. पहिली डिस्क आमच्या प्लेअरवर चालेचना, दुसऱ्याच रीजनची, म्हणजे जगाच्या दुसऱ्या भागातल्या प्लेअरसाठी काढलेली निघाली. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. घेताना तेवढं बघून घ्या.

वर मालक आणि जमिनीखाली कामगार, अशा भविष्यातल्या शहराची ही गोष्ट. जानेवारी 1927 मध्ये हा मूकपट बर्लिनला लागला आणि त्याच वर्षी त्याला कात्री लागली. पुढची 80 वर्षं लोक तुकडेच बघत होते. 2008 साली ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात 16 एमएमची, म्हणजे टॉकीजच्या 35 एमएमपेक्षा अरुंद फिल्मवरची, जवळजवळ पूर्ण निगेटिव्ह सापडली, त्यातून सुमारे 25 मिनिटं परत आली. माग कसा लागला? तिथल्या एका फिल्म क्लबवाल्याचं जुनं गाऱ्हाणं होतं, की चित्र उडू नये म्हणून मशीनवर अडीच तास बोट दाबून बसावं लागलं. ऐकणारा हुशार, तो ‘अडीच तास’वरच अडला, कारण कापलेला सिनेमा एवढा लांब नव्हताच. बोटं आमचीही भाजली, पण आमचं कोण ऐकतंय!

सापडलेला भाग लगेच कळतो. चौकट आखडते, कडेला काळं दिसतं आणि उभ्या रेघांचा धो धो पाऊस. भाचा म्हणाला, “मामा, कॉम्प्युटरवर साफ नसतं का झालं?” अरे, करून करून एवढं झालंय. घासलेल्या 35 एमएम प्रिंटवरून 16ची कॉपी काढली तेव्हा ओरखडेही छापले गेले, ते पुसणार कसे?

पण त्या पावसातच खरा माल आहे. नायकाच्या मागावर सोडलेला तो लांबोडक्या चेहऱ्याचा हेर आता कुठे नीट दिसतो. हेल नावाच्या बाईच्या पुतळ्यापुढचं शास्त्रज्ञ आणि शहराच्या मालकाचं भांडणही इथेच. शास्त्रज्ञाची ही प्रेयसी त्या मालकाशी लग्न करून बसली आणि बाळंतपणात गेली. शास्त्रज्ञ यंत्राची बाई घडवतो, त्याचं मूळ तिच्यात. अमेरिकेत हेल हे नाव नरकासारखं ऐकू येतं म्हणून तिलाच उडवलं होतं!

संगीतकार हुपर्ट्झचं मूळ संगीत मोठ्या आवाजात ऐका. मूकपटात मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या जर्मन आहेत, खाली इंग्रजी येतं.

सुरुवातीला पाळी बदलते, मान खाली घालून कामगार लिफ्टकडे निघतात. तिथे मी दोनदा मागे नेऊन बघितलं. शेवटी मालक आणि फोरमन हात मिळवतात. आमचे वडील गिरणीत होते. ते तिथेच उठून विडी ओढायला बाहेर गेले असते.