एका तिकिटात दोन मॅच: सतरा वर्षांखालच्या मुलींची वर्ल्डकप फायनल, सांगलीकर आईच्या हिशेबानं

२०२५ च्या नोव्हेंबरात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या स्मृती मानधनाच्या टीमनं क्रिकेटचा वर्ल्डकप उचलला, तेव्हापासून सांगलीत पालकांचा एकच प्रश्न सुरू आहे: मुलींना स्टेडियमवर नेण्यात अर्थ आहे का, की घरी टीव्हीच बरा? मी विश्रामबागेत गणिताचे क्लास घेते आणि लेक फुटबॉल खेळते म्हणून शिवाजी स्टेडियमच्या कडेला बसून वह्या तपासते. एवढ्या भांडवलावर ग्रुपमधल्या आया माझा सल्ला घेतात. नेरूळच्या त्याच डी. वाय. पाटीलवर ३० ऑक्टोबर २०२२ ला फिफाच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्डकपची फायनल झाली. आमच्या बॅचच्या पोरी आणि आम्ही चार-पाच पालक ती बघून आलोय. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी निकाल सांगते, बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचावं. पाचापैकी साडेचार. मुलगी स्वतः खेळत असेल तर डोळे झाकून न्या. नुसतं 'इंडिया इंडिया' ओरडायला जायचं असेल तर मात्र हिरमोड होईल. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता, पण आपल्या तिन्ही मॅच भुवनेश्वरला झाल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५, आणि विषय संपला. ते आकडे बघून आमच्यातल्या एका बाबांनी जाण्याचा बेतच रद्द करायला काढला होता. "आपली टीम नाही तर कुणाला बघायचं?" मी म्हटलं, अहो, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की सांगलीतून मोटरसायली काढून जाता, तिथं तुमची कोणती टीम असते? गप्प बसले आणि आले.

जायचं की नाही ह्याची धाकधूक त्याआधीही झालीच होती. ही स्पर्धा मुळात भारतात २०२० ला व्हायची होती, कोविडमुळं पुढं ढकलली आणि शेवटी रद्दच झाली. त्या वर्षासाठी घाम गाळलेल्या कितीतरी मुली वयातून बाहेर गेल्या, त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. मग भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं, तर ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या फुटबॉल महासंघावरच बंदी घातली. २६ ऑगस्टला ती उठली, तोवर आमच्या ग्रुपवर रोज नवी अफवा. हे सोडलं तर तिकिटाबद्दल माझी काही तक्रार नाही. मोबाईलवर मिळालं, खिशाला परवडलं, आणि एकाच तिकिटात दुपारी तिसऱ्या क्रमांकाची मॅच आणि रात्री फायनल. शिकवणीच्या भाषेत सांगायचं तर एका फीमध्ये दोन विषय.

बसायचं कुठं, हा ह्या रिव्ह्यूचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मैदान मूळचं क्रिकेटचं, गोल. त्यात फुटबॉलचा आयत आखला की खालच्या रांगा मैदानापासून लांब पडतात आणि तिथून पलीकडची बाजू नीट कळत नाही. पोरींना खाली बसायचं होतं, खेळाडू जवळून दिसतील म्हणून. त्यांच्या कोचसरांनी सगळ्यांना वर चढवलं. कुरकुर झाली, पण पाच-दहा मिनिटांतच ती कुरकुर थांबली.

कारण वरून दिसतं ते टीव्हीवर दिसतच नाही. कॅमेरा चेंडूच्या मागं धावतो, त्यामुळं ज्या मुलीकडं चेंडू नाही ती काय करतेय हे आपल्याला कधी कळत नाही. सरांनी पोरींना गृहपाठ दिला: चेंडू बघायचा नाही, प्रत्येकीनं आपापल्या जागेवर खेळणारी एक मुलगी निवडायची आणि अर्धा तास फक्त तिलाच बघायचं. लेक डिफेन्समध्ये खेळते. तिनं स्पेनची बॅक निवडली, मी तिच्या शेजारी बसून तेच केलं. चेंडू पार पलीकडच्या कोपऱ्यात असतानाही ती मुलगी उभी म्हणून नाही. दोन पावलं आत, एक मागं, पुन्हा दोन आत. आणि पास येण्याच्या आधी तिची मान वळायची, एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. चेंडू पायात येईपर्यंत पुढचा पास कुणाला द्यायचा हे तिचं ठरलेलं. सर वर्षभर 'मान फिरव, मान फिरव' म्हणून घसा कोरडा करत होते. लेक हळूच म्हणाली, "आई, ही सारखी मागं बघतेय गं." एका रात्रीत तिचा खेळ बदलला असं मी म्हणणार नाही, पण सरांना तिला मान फिरवायला सांगावं लागणं बंद झालं.

पहिली मॅच नायजेरिया आणि जर्मनीची. तिसऱ्या क्रमांकाची मॅच म्हणजे हरलेल्यांची समजूत काढायचा कार्यक्रम, असं समजून मी डुलकी काढायच्या तयारीत होते. नायजेरियानं ३-० केलं, आता संपलंच म्हणून अर्धे लोक खायला उठले. आणि जर्मनीनं उरलेल्या वेळात तीनही गोल फेडले! ह्या वयोगटात जादा वेळ खेळवला नाही, थेट पेनल्टी. नायजेरियाची गोलकीपर फेथ ओमिलाना. उपांत्यपूर्व फेरीत ह्याच मैदानावर पेनल्टीवर अमेरिकेला घरी पाठवलं ती हीच टीम. ३-२ नं जिंकल्या आणि ह्या स्पर्धेत नायजेरियाला पहिल्यांदा पदक मिळालं. त्यांचा नाच बघून आमच्या पोरी खुर्च्यांवर उभ्या राहिल्या, खाली बसा म्हणून ओरडणारे काकाही शेवटी टाळ्या वाजवायला लागले. जे खायला उठले होते ते वडापाव हातात घेऊन 'काय झालं, काय झालं' विचारत परतले.

फायनल स्पेन आणि कोलंबिया. गटातही ह्याच दोघी इथंच भेटल्या होत्या, तेव्हा स्पेननं १-० नं घेतली होती. सगळ्यांचं लक्ष कोलंबियाच्या लिंडा कायसेदोवर. ह्या पोरीची गोष्ट ऐकलीत तर तुम्हीही तिच्याच बाजूनं बसाल. पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग, उपचार घेऊन परत मैदानात. २०२२ च्या जुलैत मोठ्या बायकांबरोबर दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेची, कोपा अमेरिकाची फायनल, ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालचा वर्ल्डकप, ऑक्टोबरमध्ये आमच्यासमोर नेरूळला. चेंडू तिच्याकडं गेला की सगळं स्टेडियम 'हो' करून उठायचं. स्पेनच्या दोघी-दोघी तिच्या वाटेवर उभ्या असायच्या, म्हणून तिला धावायला मोकळी जागा फारशी मिळाली नाही. हे वरून बघताना लख्ख कळत होतं.

८२ व्या मिनिटापर्यंत ०-०. मग स्पेनचा हल्ला आला, आणि कोलंबियाच्या आना मारिया गुझमानला लागून चेंडू तिच्याच जाळ्यात. स्वयंगोल. त्यावरच वर्ल्डकप गेला. आमच्या डिफेन्सवाल्या पोरींचे चेहरे बघवेनात. लेक कोलंबियाची नव्हती, स्पेनचीही नव्हती, तरी तिच्या डोळ्यांत पाणी. बसमध्ये तिचा एकच धोशा: "आता तिला परत टीममध्ये घेतील का गं?"

ह्याचं उत्तर मिळायला पुढचा ऑगस्ट उजाडला. २०२३ च्या मोठ्या बायकांच्या वर्ल्डकपमध्ये कोलंबियानं जमैकाला १-० नं हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. गोल कातालिना उस्मेचा, पण त्यासाठी डावीकडून लांबचा क्रॉस टाकला तो ह्याच गुझमाननं, अठराव्या वर्षी. तोवर ती जर्मनीच्या बायर्न म्युनिकमध्ये पोचलेली होती. लेकीनं ती क्लिप मला इतक्यांदा दाखवली की शेवटी मी फोन काढून घेतला.

ह्याच कारणासाठी मी म्हणते, मोठ्या स्पर्धांआधी मुलींना ही दाखवा. मोठ्यांच्या मॅचमध्ये आपण तयार माणसं बघतो. इथं ती घडताना दिसतात, चुकतानाही दिसतात, आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांचा माग काढता येतो. नेरूळला सर्वोत्तम खेळाडूचा मान स्पेनच्या विकी लोपेझला मिळाला, वय सोळा. एकवीस वर्षांखालच्या सर्वोत्तम खेळाडूची कोपा ट्रॉफी २०२५ मध्ये पहिल्यांदाच मुलींसाठी दिली, ती तिनंच घेतली. कायसेदो रिअल माद्रिदला गेली आणि २०२३ ला तिनं जर्मनीविरुद्ध जो गोल केला तो बघितला नसेल तर आधी बघा, मग पुढं वाचा. स्पेननं तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालचा, ऑक्टोबरमध्ये हा, आणि २०२३ ला सिडनीत मोठ्यांचा असे तिन्ही वर्ल्डकप एका वेळी घरात ठेवले.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासायची सोय, भारतात पहिल्यांदा वापरली ती ह्याच स्पर्धेत. पंच कानाला हात लावून उभी राहिली की पोरी दम धरून बसायच्या. स्पर्धेची शुभंकर सिंहीण, इभा नावाची, तिच्याबरोबर फोटो झाले. ह्या दोन्हींबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

अर्धा गुण कापला तो कपड्यांसाठी. बाहेरच्या एका विक्रेत्याकडं जर्सी घ्यायला गेलो तर मुलींच्या मापाची एक नाही. "मॅडम, लहान मुलांची घ्या ना, एकच आहे सगळं." मुलींची वर्ल्डकप फायनल, आणि बाहेर टांगलेल्या जर्सीवर सगळी पुरुष खेळाडूंची नावं! आपल्याकडंही तेच चालतं म्हणा. स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, घ्यायला गेलं की चार नंबरचा मुलांचा जोड पुढं सरकवतात, आत जाड सोल टाका म्हणतात आणि वर सांगतात, "एवढं काय, पोरगी तर आहे."

जाण्यायेण्याचं गणित नीट करा. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, पुणे, एक्स्प्रेस वे करत नेरूळला पोचायला सात-आठ तास धराच. फायनल रात्री आठला होती, संपेपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून सुटून गेलेली असते, म्हणून गाडी स्वतःचीच हवी. आम्ही ज्याच्याकडून मिनीबस ठरवली त्याचं नाव घेत नाही, पण एसी लोणावळ्यापर्यंतच चालला आणि परतताना ड्रायव्हर 'पुण्यात सोडतो' म्हणायला लागला. पैसे निम्मे हातात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा रविवार होता, फराळाचे डबे बसमध्येच ठेवून गेलो, आत नेता येत नाहीत. मॅच सुटल्यावर उपाशी पोरींनी चकल्यांचा असा फडशा पाडला की माझ्या वाट्याला डब्यातला चुरा आला.

आता पुढची संधी कधी, हे विचारायला फोन करू नका. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी होते, चोवीस संघांची, पण २०२९ पर्यंत सगळी मोरोक्कोत. पहिलीच उत्तर कोरियानं नेदरलँड्सला ३-० हरवून जिंकली. आपल्या मुलींनी २०२५ च्या ऑक्टोबरात बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ नं हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली, ती मैदानावर खेळून मिळवली, यजमान म्हणून नाही. तोवर मुंबई-पुण्यात मुलींची कुठलीही बरी मॅच लागली की वरच्या रांगेची तिकिटं काढा. आणि उलटीच्या गोळ्या जवळ ठेवा. जाताना बोगदा होता, काही वाटलं नाही. परतताना पहाटे खंबाटकीचा घाट चढावा लागला, तेही पोटात चकल्या असताना.