मोडी कागद आणि जुनी चित्रं : पडद्यावर की हातात?

खानापूर-निपाणीच्या विद्यार्थ्याला बेळगावच्या कॉलेज ग्रंथालयातला जुना संग्रह पाहायचा असेल तर स्कॅन उघडावा की बस धरून वाचनकक्ष गाठावा?

मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या जलद लिपीतल्या, कागदांसाठी मी स्कॅनच निवडेन. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. तिथे अक्षर पाचपट मोठं करून दुसऱ्या कागदाशी ताडता येणं हा फार मोठा आधार आहे. मूळ कागद इतक्यांदा हाताळला तर घडीवरच फाटायचा. नुसत्या छायाचित्रात शब्द शोधता मात्र येत नाही. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, २०१४ साली जागा मिळाली, तरी लिप्यंतराला जाणता माणूस लागतोच.

चित्रांचं उलट. रविवर्म्यांच्या १८९४ च्या छापखान्यातली ओलिओग्राफं, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, पडद्यावर सपाट होतात. दगडी छपाईचे एकावर एक चढलेले रंग आणि वरच्या व्हार्निशची चकाकी उजेडात जवळूनच कळते. शिवाय प्रत्येक मोबाइलवर रंग निराळा.

ग्रंथालयांना एकच विनंती: स्कॅन करताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि कागदाची पाठही घ्या. शेरे, शिक्के पुष्कळदा तिथेच असतात.