ह्राखोवा पोलेव्का: वाटाण्याची डाळ घ्यावी की अख्खा वाटाणा?

चेक घरांत वाटाण्याचं हे सूप दोन्ही प्रकारे होतं. घरी करणाऱ्याला मी मात्र बिनदिक्कत पिवळ्या वाटाण्याची डाळच सुचवेन. ती न भिजवताही चालते, मंद आचेवर साधारण तासाभरात पार गळून जाते आणि सूप आपसूक दाटतं. मग लोण्यात परतलेला मैदा, म्हणजे त्यांची ‘यीश्का’, चमचाभर पुरते.

अख्खा वाटाणा रात्रभर भिजवा, दीड-दोन तास शिजवा, वर सालं काढायला गाळणीतून घासा. एवढा खटाटोप केला तर चव भरीव लागते, हे खरं. डुकराच्या धुरावलेल्या मांसाचं, ‘उझेने’चं पाणी हाताशी असेल, तर वेळ काढून हाच करावा, लांब शिजताना ती चव दाण्यात मुरते. ते पाणी खारट असतं, म्हणून मीठ अगदी शेवटी, चाखूनच.

मार्जोरमला, म्हणजे मरव्याला, मात्र दोन्हीकडे पर्याय नाही. सुकी पानं तळहातावर चुरडून, ठेचलेल्या लसणीसोबत गॅस बंद करतानाच घाला. आधी घातली तर वास उडून जातो. लोण्यात तळलेले पावाचे तुकडे वाढताना वरून टाका, म्हणजे कुरकुरीत राहतात.