पाकिटातल्या चाचणीनंतरची कोलोनोस्कोपी

इंग्लंडमध्ये एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं पाकीट ५० ते ७४ वयात दर २ वर्षांनी पोस्टाने घरी येतं. शौचाचा एकच नमुना काडीने घेऊन परत पाठवायचा. ते मी लगेच केलं. नमुन्यात रक्त सापडलं, 'पुढील तपासणी आवश्यक' असं पत्र आलं, ते मात्र देवघराच्या खणात ठेवलं. मूळव्याधीचंच रक्त असेल, अशी मनाची समजूत घातली.

नर्सबाईंचा फोन आला नसता तर पत्र तिथेच राहिलं असतं. त्या म्हणाल्या, रक्त कुठलं ते कोलोनोस्कोपीने, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून पाहिल्याशिवाय कळत नाही, पुन्हा नमुना पाठवून उपयोग नाही. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात आपल्या जेवणाचा एक शब्द नव्हता, ही मोठी उणीव. तपासणीआधी भाकरी, मेथी, तीळ बंद. पांढरा भात, दही, साल काढलेला बटाटा चालेल, हे त्यांनीच सावकाश सांगितलं.

आदल्या संध्याकाळचं आणि पहाटेचं, आतडं रिकामं करणारं जुलाबाचं औषध फार जड गेलं. तपासणी त्यामानाने काहीच नाही. गुंगीचं इंजेक्शन घेतलं म्हणून सुनेला रात्रभर माझ्याजवळ थांबावं लागलं. २ पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेल्या छोट्या गाठी, सापडले, तिथल्या तिथे काढले, दुखलं नाही. असे काही पॉलिप वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतात, हे ऐकून हात थंड पडले. माझे साधे निघाले.

जावेलाही तसंच पत्र आलंय. उद्या तिच्याकडे जाऊन, शेजारी बसून फोन लावणार आहे.