नेहमीचे चेडर कोवळे झाले. आता कोणते घ्यावे?

ब्रिटनमधील अनेक मराठी घरांत मुलांचे डबे आणि संध्याकाळचे टोस्ट ज्या सुपरमार्केटी चेडर चीजवर वर्षानुवर्षे निभावले, ते आता पूर्वीसारखे लागत नाही, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते आणि ती निराधार नाही. आमच्याकडे येणाऱ्या वडीला सुरी लावली की पूर्वी कडेने भुगा पडत असे. आता काप न मोडता वाकतो, आणि आंबट-तिखट चव जिभेवर उतरण्याआधी गोडसरपणाच पुढे येतो. पाकीट ४०० ग्रॅमवरून ३५० ग्रॅमवर आले ही गोष्ट वेगळी. फळीवरील दर किलोचा भाव वाचला की ती चलाखी निदान उघडी तरी पडते. चवीतील घसरण मात्र वेष्टनावर कुठेच छापलेली नसते.

चेडर महाग पडते ते दुधामुळे, आणि त्यानंतर मुरण्यामुळे. एक किलो चेडरसाठी सुमारे १० लिटर दूध लागते, आणि त्या दुधात गुंतलेला पैसा चीज कोठारात असेपर्यंत मोकळा होत नाही. तेव्हा दुधाचे भाव चढले की माल लवकर बाहेर काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ‘मॅच्युअर’, ‘एक्स्ट्रा मॅच्युअर’, ‘व्हिंटेज’ हे शब्द त्याला आडकाठी करत नाहीत, कारण ‘मॅच्युअर’ म्हणजे साधारण ९ ते १२ महिने हा निव्वळ व्यापारातील प्रघात आहे, कायद्याने बांधलेली मुदत नव्हे. त्यातच अनेक कारखान्यांत मूळ विरजणाच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस हा जिवाणू वापरतात. त्याने चीजला गोडवा येतो, आणि कोवळ्या चीजचा कोवळेपणा त्या गोडव्याआड सहज झाकला जातो.

पर्यायांपैकी सर्वांत सोपा, त्याच दुकानाच्या स्वतःच्या नावाचे ‘व्हिंटेज’ चेडर, लवकर सांगून टाकतो. वेष्टनावर महिन्यांचा आकडा छापलेला असेल आणि तो १५ किंवा १८ असेल, तर जाहिरातीतल्या नामांकित वडीपेक्षा ते बहुधा स्वस्त आणि अधिक मुरलेले निघते. आकडाच नसेल, तर नुसत्या ‘व्हिंटेज’ शब्दावर विसंबू नये.

‘वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर’ हे नाव मात्र अधिक भरवशाचे आहे. ‘चेडर’ हा शब्द जगात कोणीही वापरू शकतो, पण हे लांबलचक नाव संरक्षित आहे: चीज सॉमरसेट, डॉर्सेट, डेव्हन किंवा कॉर्नवॉलमध्येच, तेथल्याच दुधापासून बनलेले आणि किमान ९ महिने मुरलेले असावे लागते. सॉमरसेटमधील डिचीट येथील बार्बर घराणे १८३३ पासून या धंद्यात आहे आणि चेडरची जुनी द्रवरूप विरजणे त्यांनी आजवर जपली आहेत. त्यांचे ‘१८३३’ नावाचे चेडर दोन वर्षांपर्यंत मुरवलेले असते आणि मोठ्या सुपरमार्केटांत मिळते. त्याचा काप मोडतो, आणि खाताना मधूनच दाताखाली बारीक खडे येतात. ते मीठ नसून मुरताना तयार झालेले कॅल्शियम लॅक्टेटचे स्फटिक असतात.

चेडरची खरी श्रीमंती पाहायची असेल, तर कापडात बांधलेल्या चेडरकडे जावे लागते. कारखान्यातील २० किलोची लादी प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत मुरते, त्यामुळे तिच्यातले पाणी आतच राहते. कापडातील गोल चाक श्वास घेते, आटत जाते, बाहेरून बुरशी धरते, आणि म्हणून त्याला मातीचा, सुक्या मेव्याचा, कधी मांसाच्या रश्श्याचा वास येतो. सॉमरसेटमधील माँटगोमेरी, कीन्स आणि वेस्टकोम ही तीन नावे यात अग्रगण्य आहेत. तिघेही निरशा दुधापासून चीज करतात. या मालाचे मोल चोरांनाही कळलेले दिसते: २०२४ मध्ये लंडनच्या नील्स यार्ड डेअरी या चीज विकणाऱ्या कंपनीला घाऊक व्यापारी असल्याचे भासवून भामट्यांनी सुमारे २२ टन कापडबंद चेडर लांबवले.

शाकाहारी घराला मात्र येथे थांबावे लागेल. ही तिन्ही चेडरे वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, घट्ट केलेली असतात, आणि कापडावर परंपरेने डुकराची चरबी चोपडतात. वरची साल काढून टाकल्याने रेनेटचा प्रश्न सुटत नाही. सुपरमार्केटातील बहुतेक लाद्या, बार्बरांचे ‘१८३३’ धरून, शाकाहाराला चालणाऱ्या रेनेटच्या असतात. वेल्समधील स्नोडोनिया कंपनीचे काळ्या मेणातील ‘ब्लॅक बॉम्बर’ही तसेच आहे, फक्त ते चेडरच्या मानाने मऊ आणि लोण्याकडे झुकणारे असल्याने भुगा पडणारी वडी ज्यांना हवी त्यांचे समाधान करणार नाही. तरीही प्रत्येक वेळी वेष्टनावरील शाकाहारी असल्याची खूण पाहूनच घ्यावे.

पैशांचा हिशेब ठोकळमानाने असा पडतो, की फार्महाउसची लादी नेहमीच्या नामांकित वडीपेक्षा किलोमागे काही पौंडांनीच महाग असते, तर कापडबंद चेडर तिच्या तिप्पट ते चौपट भावाने मिळते. आता उपयोग पाहू. फार मुरलेले चेडर तापवले की त्यातले तूप सुटते आणि उरलेला भाग दाणेदार होतो. म्हणून सँडविच टोस्टरमध्ये किंवा पास्त्यावर ते घालणे म्हणजे पैसा तव्यावर ओतणे होय. वितळवण्यासाठी कोवळी, स्वस्त लादीच चांगली, आणि त्या कामापुरते नेहमीचे चेडर सोडण्याचे कारण नाही. डब्यातील सँडविच आणि किसून पेरायचे पदार्थ यांसाठी फार्महाउसची लादी घ्यावी. चव तीव्र असल्याने किसाचे प्रमाण आपोआप कमी होते आणि भावातील फरक बराचसा भरून निघतो. रोजच्या वापरासाठी एकच वडी निवडायची झाल्यास माझा कौल हिलाच आहे.

कापडबंद चेडर केवळ नुसते खाण्यासाठी आणावे, तेही पाकिटातले नव्हे तर चीजच्या दुकानात चाखून, चाकावरून कापून घेतलेले, कारण त्याच घरच्या दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या चाकांतही चवीचा फरक पडतो. एका वेळी १५० ग्रॅम पुरे. घरी आणल्यावर ते मेणकागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे आणि खाण्यापूर्वी तासभर बाहेर काढावे.